निळा रंग मानेजवळ

मी एक जुना रेशमी शेला आहे. निळा, पांढरा आणि तांबडा असे माझे तीन पट्टे आहेत आणि दोन्ही टोकांना सोनेरी गोंडे आहेत. त्यांतला एक गोंडा आता अर्धाच उरला आहे, कारण एका लग्नात एका तान्ह्या बाळाने तो मनसोक्त चघळला. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे मला तिरके घालतात. मित्रांनो, कुणी मला फडके म्हटले तर मला अजूनही राग येतो. आमच्याकडे कायद्याने लग्न मेयर लावतो आणि लावताना मला घालतो, त्यामुळे लामोरेल गावात माझ्यावाचून एकही लग्न लागत नसे, मग नवरा-नवरी चर्चमध्ये कितीही वेळा जाऊन येवोत.

माझा जन्म एका फिती विणणाऱ्या कारखान्यात झाला. तिथे गोंडे लावणारी जिनेत नावाची बाई होती. तिचे हात आणि तोंड दोन्ही सारख्याच वेगाने चालायचे. माझा शेवटचा टाका घालून तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "जा बाबा, आता कुणाच्या तरी खांद्यावर बसून मिरव. पण सांगून ठेवते, पोट त्याचं सुटणार आणि शिवण तुझी उसवणार."

तिचे बोलणे खोटे ठरले नाही. माझा पहिला धनी म्हणजे गावचा मेयर, फर्नां तेसिए. गुरे पाळणारा, अंगापिंडाने दरवाजाएवढा माणूस. सगळे त्याला फर्नांबाबा म्हणत. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास यायचा आणि लग्न लावताना तोच नवरीच्या आईआधी रडायचा. त्याचे अश्रू माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर पडायचे. मला ते फार आवडायचे, कारण त्या माणसाला प्रत्येक लग्न आपल्याच घरचे वाटे.

आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. मेयर मला घालतो तेव्हा निळा पट्टा मानेजवळ असतो. खासदार घालतो तेव्हा तांबडा मानेजवळ असतो. कापड तेच असते, फक्त खालची बाजू वर होते. त्यामुळे दुरूनच लोकांना कळते, की हा गडी गावचा आहे की पॅरिसचा. ही रीत साधी दिसते, पण तिनेच एकदा आमच्या गावात मोठा गोंधळ घातला.

फर्नांबाबाचे गुडघे गेले आणि त्याने मेयरपद सोडले. त्याच्या जागी यायला कुणी तयार होईना. पावसात गटार तुंबले तरी मेयरला शिव्या आणि शेजाऱ्याचा कोंबडा आरवला तरी मेयरलाच शिव्या, असे ते पद. शेवटी उभा राहिला रेमी देलमास, आणि दुसरे कुणीच नसल्यामुळे निवडूनही आला.

रेमी आमच्याच गावचा. त्याच्या आईचे चौकात पावाचे दुकान होते. पोरगा हुशार निघाला, पॅरिसला शिकला आणि एका मोठ्या बँकेत साहेब झाला. खेड्यापाड्यांतल्या कोणत्या शाखा ठेवायच्या आणि कोणत्या बंद करायच्या, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे होते. एके वर्षी त्याने लामोरेलचीच शाखा बंद केली. तो आला, नगरभवनात फर्नांबाबाच्या खोलीत बसून कॉफी प्याला, कागदावर सही केली आणि आईच्या दुकानाकडे न वळता गाडीत बसून निघून गेला. मी तेव्हा त्याच खोलीतल्या काचेच्या कपाटात होतो. त्या दिवशी त्याच्या आईने दुकानाचे दार बंद करून घेतलेले मला खिडकीतून दिसले. पुढे काही वर्षांनी ती गेली. रेमी दुकान आवरायला म्हणून आला आणि राहिलाच. कुणी म्हणे बँकेने त्याला काढले, कुणी म्हणे बायकोने काढले. मला विचाराल तर त्याला आईची भट्टी विकवेना.

गावाने त्याचे नाव "बँकवाला" ठेवले. पहिले लग्न लावताना त्याने ते नाव सार्थही करून दाखवले. नवरा यानिक सुतार होता, नवरी नादेज परिचारिका होती आणि त्यांची काही महिन्यांची मुलगी मायलिस आजीच्या कडेवर होती. आमच्याकडे पोर आधी आणि लग्न नंतर, यात कुणाला काही वावगे वाटत नाही. रेमीने लग्नाची कलमे एका दमात, एका सुरात वाचून काढली आणि मान वर करून विचारले, "तर मग, अटी मान्य आहेत?"

"अहो मेयरसाहेब," नादेज म्हणाली, "आम्ही लग्न करतोय, कर्ज नाही काढत."

"कर्जच आहे ते पोरी!" मागून फर्नांबाबा ओरडला. "फेडता फेडता जन्म जातो. माझ्याकडे बघ!"

सगळे हसले. रेमीही हसला, आणि त्याला हसताना गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. नंतर फोटोसाठी त्याने मायलिसला उचलून घेतले. तिने माझा गोंडा तोंडात घातला तो सोडेचना. हाच तो गोंडा.

हळूहळू बँकवाला माणसात आला. शनिवारच्या बाजारात तो चीजच्या दुकानाशेजारी उभा राहून लोकांची गाऱ्हाणी ऐकू लागला. कुठून तरी एक तरुण पाववाला शोधून आणून त्याने आईची भट्टी पुन्हा पेटवली. पहिल्या दिवशी पाव घ्यायला चर्चच्या पायऱ्यांपर्यंत रांग लागली होती. त्याची उपमेयर होती सोलांज मोरां. तिच्या दहा गाई होत्या, स्वतःचे चीज होते आणि जीभ तिखट होती. ती रोज त्याच्याशी भांडायची आणि रोज त्याच्याबरोबर कामाला लागायची. ते दिवस मला फार सुखाचे गेले. आठवड्याला काही ना काही निमित्ताने मी खांद्यावर असायचो, आणि निळा रंग मानेजवळ असायचा.

पण चांगल्या बैलावर सगळ्यांचीच नजर असते. पॅरिसच्या एका पक्षाने रेमीला गाठले. हा गडी आकडेही जाणतो आणि गाईसुद्धा, असा माणूस त्यांना हवाच होता. रेमी खासदार झाला. आमच्याकडे एका माणसाला दोन्ही खुर्च्यांवर बसता येत नाही, म्हणून त्याने मेयरपद सोडले आणि सोलांज मेयर झाली. निरोपाच्या दिवशी नगरभवनात सगळ्यांनी वाइनचे पेले उंचावले. सोलांजसाठी नवा शेला आला होता, म्हणून पंचांनी मला रेमीला भेट देऊन टाकले. सोलांजने स्वतः मला इस्त्री केली होती.

"घे," ती म्हणाली. "जा तुझ्या पॅरिसला. पण तिकडे बसून पुन्हा आमच्याच नावावर फुली मारू नकोस."

"एवढाही विश्वास नाही?" रेमीने विचारले.

"विश्वास आहे म्हणून तर इस्त्री केली. नसता तर चुरगाळून दिला असता."

त्यानंतर मी उलटा झालो. तांबडा पट्टा पहिल्यांदा मानेजवळ आला तेव्हा मला कुणी पाय वर करून टांगल्यासारखे वाटले. त्याचेही मला फारसे दुःख नव्हते. दुःख होते ते गाडीच्या खणाचे. सभागृहात आम्हाला कुणी घालत नाही. एखादा समारंभ किंवा मोर्चा असला तरच आमची आठवण होते. बाकी सारा काळ मी गाडीच्या पुढच्या खणात पेपरमिंटच्या गोळ्यांच्या आणि मोडक्या छत्रीच्या संगतीत काढला. रेशमाला पेपरमिंटचा वास लागला की तो जात नाही, मित्रांनो. एकदा रेमीने चष्मा पुसायला मला बाहेर काढले आणि पुन्हा तसेच कोंबले. मी जन्मभर तो अपमान विसरणार नाही.

मग ते अंदाजपत्रक आले. त्यात शिक्षकांच्या जागा कमी केल्या होत्या. पक्षाच्या नेत्याने सांगितले, सगळ्यांनी हात वर करायचे. रेमीने हात वर केला. त्या संध्याकाळी गाडीत बसून त्याने गोळी घ्यायला खणात हात घातला. तो हात माझ्यावर पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

जानेवारीत बंद होणाऱ्या वर्गांची यादी निघाली आणि तीत लामोरेल होते. आमच्या शाळेत दोन खोल्या आहेत. एका खोलीत लहान मुले बसतात आणि दुसरीत मोठी. त्यांतली एक बंद होणार होती. असे एकदा सुरू झाले की पुढे काय होते, हे आमच्या डोंगरातल्या सगळ्या गावांना ठाऊक आहे. आधी एक खोली जाते, मग दुसरी जाते. मग पोरे बसने तासभर लांबच्या शहरात जाऊ लागतात. मग त्यांचे आईबापही तिकडेच घर घेतात, आणि गावात फक्त युद्धात पडलेल्यांची नावे कोरलेला दगड उरतो.

सोलांजने रेमीला फोन केला. गाडीत तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"शुक्रवारी शाळेपुढे सगळे जमणार आहोत. तू ये किंवा नको येऊ. पण आलास तर मान खाली घालून ये."

शुक्रवारी रेमी आला. शाळेपुढे सारे गाव उभे होते. कुणी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते, कुणी मुलांनी रंगवलेला फलक धरला होता. अशा वेळी सगळ्या लोकप्रतिनिधींनी शेला घालून यावे, असा रिवाज आहे. रेमीने चौकात गाडी उभी केली, खणातून मला काढले, घाईघाईने खांद्यावर टाकले आणि तो गर्दीत शिरला. समोर त्याच्या आईचे दुकान होते आणि पावाचा वास सुटला होता. त्याच्या हातांनी जुन्या सवयीने मला घातले. निळा मानेजवळ आला. ही चूक मला कळली, पण मी बापडा काय करणार?

घंटा एकेक करून थांबल्या.

"अरे वा!" कुणीतरी ओरडले. "गावाला दोन मेयर!"

"एक घ्या, एकावर एक फुकट!"

सोलांज समोरून चालत आली. तिच्या अंगावर माझा नवा भाऊ होता, कडक इस्त्रीचा. तिचा चेहरा तांबड्या पट्ट्यासारखा झाला होता.

"ह्या गावाला मेयर एकच आहे," ती म्हणाली, "आणि ती मी आहे. तिकडे हात वर करून आमची शाळा विकायची आणि इकडे निळा वर करून मिरवायचं? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

रेमीने खाली पाहिले. माझा निळा पट्टा पाहून तो कानापर्यंत लाल झाला. मला वाटले, आता तो मला उलटा करील आणि खासदाराचे भाषण ठोकील. त्याच्या खिशात भाषण होतेही. पण त्याने मला खांद्यावरून उतरवले, नीट घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवले.

"सोलांज, चूक झाली. हात सवयीनं गेला," तो म्हणाला. "पण तू म्हणतेस ते खरंय. तो हात मीच वर केला होता. खासदार म्हणून इथे बोलायला मला तोंड नाही."

फर्नांबाबा काठी टेकत पुढे आला.

"तोंड नसेल तर नसू दे, पोरा. हात आहेत ना?" तो म्हणाला. "मग हा फलक धर. माझा खांदा भरून आलाय केव्हाचा."

रेमीने फलकाचा दांडा धरला. दुपारी सगळे नगरभवनात आले तेव्हा मी त्याच्या खिशातच होतो. पुढच्या मंगळवारी शिक्षणखात्याच्या बाई शेवटचा निर्णय घ्यायला गावात येणार होत्या. त्यांच्यापुढे काय बोलायचे यावर सगळे तावातावाने भांडत होते.

"बोलू नका," रेमी म्हणाला.

"ऐका आता बँकवाल्याचं!" सोलांज म्हणाली.

"ऐकच. बंद करणारा कसा येतो ते मला माहितेय, कारण मी तोच होतो. तो आधीच ठरवून आलेला असतो. त्याला फक्त एक खुर्ची हवी असते आणि एक कॉफी. ह्याच खोलीत मी कॉफी प्यालो, सही केली आणि गेलो. खुर्चीवरून उठून चौकापर्यंत गेलो असतो, आईच्या दुकानात एक पाऊल टाकलं असतं, तर माझ्या हातून सही झाली नसती. त्या बाईंना बसू देऊ नका. त्यांना गावभर चालवा. मुलांबरोबर जेवायला बसवा."

"म्हणजे सगळा दोष माझ्या कॉफीचा तर!" फर्नांबाबा म्हणाला. "आणि मी इतकी वर्षं देवाला दोष देतोय."

त्या हसण्यात सोलांजही सामील झाली. ती मनातून किती घाबरली होती, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

मंगळवारी बाई आल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, पण खुर्चीवर फर्नांबाबा बसला होता आणि त्याचे गुडघे दुखत असल्यामुळे तो उठू शकत नव्हता. सोलांज त्यांना बाहेर घेऊन गेली. रेमी शेला न घालता, मला खिशातच ठेवून मागून चालत होता. भट्टीत बाईंना गरम पाव मिळाला. शाळेच्या भोजनगृहात त्या बुटक्या बाकावर मुलांमध्ये बसल्या. चीज घालून घोटलेले बटाटे होते, तारा सुटणारे. शेजारी मायलिस होती, आता पुढचे दोन दात पडलेली.

"तुम्हीच ना आमची खोली बंद करणाऱ्या?" तिने विचारले. "अजून वाढू का?"

बाईंचा घास हातातच राहिला. "वाढ," त्या म्हणाल्या.

परत जाताना त्या चौकातल्या एका बंद इमारतीपुढे थांबल्या. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. "इथे कोण राहतं?" त्यांनी विचारले.

"कुणी नाही," रेमी म्हणाला. "बँक होती. मी बंद केली."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिले. मग त्या सोलांजला म्हणाल्या, "एक वर्ष थांबते. पण पुढच्या वर्षी मुलं वाढलेली दिसली पाहिजेत. नाहीतर माझेही हात बांधलेले आहेत."

त्यांची गाडी वळणाआड गेली तरी सोलांज त्या फळ्यांकडेच बघत होती.

"रेमी," ती म्हणाली, "ह्यात दोन कुटुंबं राहतील की रे."

त्या वर्षी दर शनिवार-रविवार रेमी गावात असायचा. यानिकने फळ्या काढल्या, भिंती घातल्या. रेमीने रंग लावला आणि तोही इतका वाईट, की सोलांजने दोनदा पुसायला लावला. पॅरिसमध्ये पुन्हा शिक्षकांच्या जागांचा प्रश्न आला तेव्हा त्याने हात वर केला नाही. नेत्याने त्याला बोलावून सांगितले, की पुढच्या वेळी पक्षाचा उमेदवार दुसरा असेल. तसेच झाले. रेमी एकटा उभा राहिला आणि हरला. निकाल लागला तेव्हा तो शिडीवर होता. त्याने बातमी ऐकली, "बरं," म्हटले आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. थोडे वाईट वाटलेच असणार, कारण खिडकीची ती चौकट त्याने दोन वेगळ्या रंगांनी रंगवली.

वरच्या मजल्यावर एक गवंडी आणि त्याची बायको तीन मुलांसह राहायला आली. खालच्या मजल्यावर सोलांजच्या चीजकामाला मदत करणारे जोडपे आले, त्यांना जुळी होती. जिथे तिजोरी होती तिथे आता गमबुटांची रांग असते. सप्टेंबरात शिक्षणखात्याच्या बाई पुन्हा आल्या, त्यांनी दोन्ही खोल्यांत डोकावून पाहिले आणि न विचारता भोजनगृहात जाऊन बसल्या. आमच्या दोन्ही खोल्या राहिल्या.

गावची निवडणूक आली तेव्हा सोलांजने आपल्या उमेदवारांच्या यादीत रेमीचे नाव सगळ्यात खाली घातले. "शेवटून पहिला आहेस. चालेल?" तिने विचारले. "पळेल," तो म्हणाला. आता तो साधा पंच आहे, आणि साध्या पंचाला शेला नसतो. तेव्हा मी मनाशी म्हटले, संपले. आता जन्मभर गाडीचा खण आणि पेपरमिंट.

पण आमच्या शाळेत मुलांचीही पंचायत असते. मुले आपला छोटा मेयर निवडतात. यंदा मायलिस निवडून आली. सोलांज कागदाचा शेला करायला निघाली होती, तेवढ्यात रेमी गाडीकडे धावला. सगळ्या गावासमोर त्याने मला मायलिसच्या हातात दिले. तिने मला ऐटीत खांद्यावर टाकले. मी तिला इतका लांब झालो, की माझे गोंडे तिच्या बुटांवर लोळू लागले. आणि तांबडा पट्टा तिच्या मानेजवळ आला.

रेमी तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. त्याने मला हळूच उतरवले, उलटे केले, दुहेरी घडी घालून तिच्या मापाचे केले आणि पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवले.

"निळा मानेजवळ," तो म्हणाला.

"का?"

"कारण तू इथली आहेस."

मायलिसने मान डोलावली. मग तिची नजर माझ्या टोकाकडे गेली. "ई! हा गोंडा कुणी खाल्ला?"

नादेज पोट धरून हसू लागली. फर्नांबाबा नेहमीप्रमाणे रडू लागला. मीही रडलो असतो, पण रेशमाला ते जमत नाही.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझी शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. कसर लागू नये म्हणून मुलांनी माझ्या घडीत लव्हेंडरची पुरचुंडी ठेवली आहे, त्यामुळे तो पेपरमिंटचा वास थोडा दबला आहे. तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू असेल तर तिची अशी निगा राखा. आणि मोठे होऊन कधी काही बंद करायची वेळ तुमच्यावर आली, तर सही करण्याआधी खुर्चीवरून उठा आणि तिथे एक फेरी मारून या. माझे एवढेच मागणे आहे.

माझी खुंटी शाळेच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर आहे. एका बाजूला लहान मुले अक्षरे गिरवतात, दुसऱ्या बाजूला मोठी मुले पाढे म्हणतात, आणि मला दोन्हीकडचे ऐकू येते.